गुलाबी चष्म्याची चाचणी

धाकटीची दोन वर्षांची मेहनत दादाच्या एका सहीवर येऊन अडकली होती, आणि दादा म्हणजे तिच्या लग्नपत्रिकेतसुद्धा तीन चुका काढून दाखवणारा माणूस.

ती प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती, तो वैमानिक. विमान उतरत असताना खालून कोणीतरी टवाळखोर हिरवा लेझर रोखतो, कॉकपिटभर उजेड फुटतो आणि वैमानिकाला ऐन मोक्याला समोरचं दिसेनासं होतं. त्यावर धाकटीने चष्मा बनवला होता. उद्या दुपारपर्यंत एकाही वैमानिकाने तो मान्य केला नाही, तर प्रकल्प बंद आणि तिची रवानगी काचांवरचे ओरखडे मोजणाऱ्या विभागात, असं संचालकबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. बाकीच्या वैमानिकांना वेळ नव्हता. दादा रजेवर होता.

पहिला चष्मा त्यानेच महिन्यापूर्वी नापास केला होता. विमानाची चाकं नीट उघडली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. त्या चष्म्याने लेझरबरोबर तेही गिळून टाकले. चाकं अडकली असं समजून दादा सिम्युलेटरच्या नकली कॉकपिटमध्ये पाऊण तास घिरट्या घालत राहिला, आणि घरी जेवताना आईला म्हणाला, "हिच्या कृपेने मी अजून हवेतच आहे."

या खेपेला तिने काचेवर थरावर थर चढवून नेमका लेझरचा तेवढाच हिरवा अडवला होता. दिवे आता दिसत होते. काचा मात्र किंचित गुलाबी झाल्या होत्या.

"हे घालून मी प्रवाशांसमोर जायचं?" दादाने चष्मा दोन बोटांत धरून विचारलं.

"प्रवासी मागे बसतात."

"आईला फोटो पाठवलास तर याद राख."

तो सिम्युलेटरमध्ये बसला. यंत्र सांभाळणाऱ्या काकांनी पडद्यावर धावपट्टी आणली. धाकटीने कडेचा लेझर त्याच्या चेहऱ्यावर रोखला; डोळ्यांना इजा होणार नाही इतका मंद, पण दिपवायला पुरेसा. दादाने विमान अलगद टेकवलं.

"छान. आता लेझर लाव."

"लावलाय."

"कधी?"

"तू चाकं उघडलीस तेव्हापासून. तुझ्या नाकावर आहे."

दादाने नाक पुसलं. काका हळूच म्हणाले, "कॅप्टन, तुमच्या दोन्ही काचा इकडून ट्रॅफिकच्या हिरव्या सिग्नलसारख्या दिसतायत."

दादाचा विश्वास बसेना. त्याने पुन्हा विमान उतरवायला घेतलं आणि धावपट्टी जवळ येताच खात्री करायला चष्मा कपाळावर सरकवला. हिरव्या झगमगाटाने त्याचे डोळे मिटले. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि तिथल्या एकुलत्या एका झाडावर जाऊन थांबलं.

"ते झाड आजवर कोणालाही सापडलं नव्हतं," काका कौतुकाने म्हणाले.

डोळे निवळल्यावर दादाने चष्मा खाली केला. उजेड गेला. वर केला, आला. असं पाच-सहा वेळा झालं. धाकटीने आनंद लपवत मान्यतेचा फॉर्म पुढे केला.

दादाने फॉर्म घेतला, सावकाश वाचला आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"सही नाही."

"का? दिसला नाही ना लेझर?"

"नाही दिसला, म्हणूनच. खालून कोणी लेझर मारतोय हे मला कळलंच नाही, तर मी कंट्रोल टॉवरला काय सांगू? मागून येणाऱ्या विमानाला कोण सावध करणार? शेजारी सहवैमानिक डोळे चोळत बसेल आणि मी विचारेन, बाबा रे, घरी काही झालंय का?"

"त्यालाही चष्मा देऊ."

"मग तर दोघंही आनंदात. आणि पोलिसांना फोन कोण करणार, हवाईसुंदरी?"

धाकटीने त्याच्याकडून चष्मा घेतला आणि काच उजेडासमोर धरली. लेझरच्या उजेडाचा दहा हजारातला जेमतेम एक भाग आत येतो, हे ती दोन वर्षं प्रत्येक सभेत अभिमानाने सांगत आली होती. शंभरातला एक आला असता तरी डोळे दिपले नसते, आणि हिरवा ठिपका तेवढा दिसला असता. प्रयोगशाळेत हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, कारण तिथे लेझर सुरू आहे हे यंत्रावरच्या आकड्यावरून कळतं.

काकांनी खुर्ची हळूच मागे सरकवली. भावाबहिणीच्या मध्ये पडायचं नाही एवढं त्यांना कळत होतं.

तिने संचालकबाईंना फोन लावला. "चष्मा नापास झालाय, बाई. तो जास्तच अडवतो. काही थर कमी करायचेत, आठ दिवस हवेत."

"दोन वर्षांत काहीतरी कमी करायला मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच," बाई म्हणाल्या. "आठ म्हणजे आठ."

दादाने फॉर्मवर 'फेरचाचणी' या चौकटीत सही केली, आणि सवयीने चौकटीच्या मथळ्यातली शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त केली.

"पुढच्या वेळी," तो उठता उठता म्हणाला, "लेझर लावताना आधी सांगू नकोस. माझा मला दिसला पाहिजे."

"या वेळी तरी कुठे सांगितलं होतं?" धाकटी म्हणाली, आणि थरांचा हिशेब मांडायला फॉर्म उलटा करून बसली.