आयाळीखालचा दोरा

मित्रांनो, मी एक म्हातारा पॉमेरेनियन कुत्रा आहे. अंगाने मांजराएवढा, पण आवाज दुसऱ्या मजल्यावरून थेट रस्त्यापर्यंत जाणारा. सुकापूरच्या एका इमारतीत, गॅलरीतल्या वॉशिंग मशीनशेजारी माझं बस्तान आहे. माझी गोष्ट गोड नाही. तरी ऐका, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी माझ्यासारखाच एखादा झुबकेदार जीव असेल.

मला या घरी आणलं ते दोन हजार सहा साली. प्रितम कोळी बंदरावर नोकरीला, त्याची बायको किशोरी उरणजवळच्या मोरा बंदराकडची, आणि त्यांची पहिलीत जाणारी मुलगी कोमल. मी तेव्हा कापसाच्या बोळ्यासारखा होतो. शेजारपाजारचे मला बघायला यायचे आणि कौतुक करून जायचे. त्या कौतुकाचीच किशोरीला धास्ती वाटली. कोमलला तान्हेपणी बांधला होता तसाच काळा दोरा तिने माझ्या गळ्यात बांधला, चांगल्या घट्ट गाठी मारून. "आता कुनाची नजर लागायची नाय," ती म्हणाली आणि तिने माझ्या कपाळाचा मुका घेतला. त्या बाईच्या मायेत खोट नव्हती, हे मी आजही सांगतो.

आमची जातच जरा मिजासखोर. सगळ्यांनी आमच्याकडेच बघावं असं आम्हाला वाटतं. कुकरची शिट्टी झाली की भुंकायचं, लिफ्टचं दार वाजलं की भुंकायचं, आणि एक माणूस आपलं ठरवून त्याच्या मागे मागे फिरायचं. माझं माणूस कोमल. ती तिच्याच कंगव्याने माझी पाठ आणि शेपटी विंचरायची आणि मी तिच्या मांडीवर पोट वर करून झोपायचो. आमच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर लांब केस आणि खाली दाट लोकर. मानेभोवती तर आयाळच. कंगवा नुसता वरून फिरला तरी आम्ही देखणे दिसतो, पण खाली काय चाललंय ते कुणाला कळत नाही.

दोरा केसांत दिसेनासा झाला आणि घरचे तो विसरून गेले. मी वाढत होतो, दोरा वाढत नव्हता. आधी खाज सुटली. मग तो कातडीत रुतू लागला. मी पायाने मान खाजवायचो, तर पिसवा झाल्या म्हणून घरचे पावडर टाकायचे. त्या पावडरीने जी आग व्हायची ती मी कुणाला सांगणार? मला भुंकण्यापलीकडे भाषा नाही, आणि भुंकणं तर मी आधीच कुकरच्या शिट्ट्यांवर उधळून टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत कोमलने मला नटवायचं ठरवलं. मांडीवर घेतलं आणि मानेत कंगवा घालून जोरात ओढला. कंगव्याचे दात दोऱ्यात अडकले. माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. भानावर आलो तेव्हा तिचा हात माझ्या तोंडात होता. रक्त आलं. तिला इंजेक्शनं घ्यावी लागली. दवाखान्यातून ती परत आली ती माझ्याकडे न बघता आत गेली.

"चावरा कुत्रा पोरीच्या जवल नको," प्रितम म्हणाला. त्या दिवसापासून मी गॅलरीत. पट्टा घालायला कुणी हात पुढे केला की मी दात दाखवायचो, म्हणून दारच लावून घ्यायचे. केसांच्या जटा झाल्या. मानेला वास येऊ लागला, तर त्यांना वाटलं, कुत्रं म्हटलं की घाण आलीच. मी काचेला नाक लावून अभ्यास करणाऱ्या कोमलकडे बघत बसायचो. मग तीही पडदा ओढून घेऊ लागली.

शेवटी मला कोन गावाला, प्रितमच्या ओळखीच्या दयारामच्या ढाब्यावर द्यायचं ठरलं. ट्रकांच्या गर्दीत मी किती टिकलो असतो कोण जाणे. पण दुसऱ्याच्या दारात असा ओंगळ कसा पाठवायचा, म्हणून किशोरी मला केस कापायला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी माझं तोंड पट्टीने बांधून मशीन चालवलं आणि मानेपाशी येऊन ते थांबले.

"हा दोरा कुणी बांधला?"

किशोरीने वाकून बघितलं. "मीच. मना वाटला, कवाच तुटून परला आसंल." मग म्हणाली, "आमी त्याला चावरा बोललो, डाक्टर."

दोरा कापला गेला आणि कोनला पाठवणं रद्द झालं. जखम भरली, पण तिथे पुन्हा केस आले नाहीत. किशोरी तेव्हापासून रोज माझी मान बोटांनी चाचपते. कोमललाही तिने सगळं समजावून सांगितलं. "कळलं मम्मी," कोमल म्हणाली, "पण मला भीती वाटते."

मित्रांनो, लांब केसांचं जनावर पाळलंत तर त्याला नुसतं वरवर विंचरू नका. कातडी दिसेपर्यंत केस बोटांनी बाजूला करा. कानांमागे, काखेत, मानेभोवती बघा. गळ्यात मायेने काही बांधलंत तर ते सैल आहे ना, हे रोज तपासा. आणि लाडकं कुत्रं एकाएकी गुरगुरायला लागलं, तर दार लावण्याआधी त्याला कुठे दुखतंय ते शोधा. माझ्या बाबतीत हे फार उशिरा झालं.

कोमल आता कॉलेजला जाते. गॅलरीचं दार आता उघडंच असतं. ती कपडे वाळत घालायला येते तेव्हा मी उठत नाही, भुंकत नाही, शेपटीसुद्धा हलवत नाही, कारण माझ्या हालचालीने ती दचकते. ती भिंतीला चिकटून माझ्यापासून लांबून जाते. ती आत जाईपर्यंत मी मेल्यासारखा पडून राहतो. तिच्यासाठी मला आता तेवढंच करता येतं.