मशीन झोपवण्याचं काम

गवत कापायचं मशीन थंडीपुरतं झोपवावं ते दादानंच. उभ्या गावात दुसऱ्या कुणाला ते जमत नसे, आणि जमत असलंच तर तो दादासमोर तसं बोलून दाखवत नसे. धुराच्या नुसत्या वासावरून पेट्रोल ताजं की शिळं हे तो रस्त्याच्या पलीकडून सांगायचा. एकदा तर म्हणे, पेट्रोल भरणाऱ्या माणसाला सर्दी झाली आहे हेही त्यानं वासावरून सांगितलं, आणि तो माणूस तिथंच शिंकला. खरंखोटं शिंकणाराच जाणे.

धाकट्या भावाला हे सगळं शिकवलं दादानंच. मोठ्या मैदानाचं गवत आधी दादा राखायचा, आता धाकटा राखतो. थंडीत गवत वाढेनासं झालं की टाकी रिकामी करायची, उरलंसुरलं पेट्रोल जळून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. नाहीतर पेट्रोलचा डिंक होतो आणि कार्बुरेटर तुंबतो. मग पातं घासायचं, प्लग काढून आत चमचाभर तेल सोडायचं, प्लग लावायचा, वर कापड. जावयाची उठबस करावी तसं सगळं.

दादाचं डोकं विसरायला लागलं ते एका उन्हाळ्यात. जेवलो की नाही, चप्पल कुठं, बायको वारली की माहेरी गेली आहे, सगळं धुक्यात. मशीन मात्र पक्कं. मशीन ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत शिरला की त्याचे हात जुने व्हायचे, म्हणजे तरणे. डॉक्टरनं सांगितलं होतं, ज्यात मन रमतं ते करू द्या, ते सुटलं की माणूस भराभर जातो. म्हणून धाकट्यानं पुढच्या थंडीत खोलीची किल्ली दादाच्याच खिशात ठेवली. संध्याकाळी विचारायचा, मशीन ठेवलंस का नीट. दादा म्हणायचा, आत्ताच ठेवलं. धाकट्याला बरं वाटायचं. तेलाच्या बाटल्या जरा लवकर संपतात हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण घरात एक माणूस हसत जेवायला बसत असेल, तर बाटल्या कोण मोजतो?

ऊन तापलं, गवत वर आलं, मैदानाच्या मॅनेजरचा निरोप आला. धाकट्यानं मशीन बाहेर काढून दोरी ओढली. दोरी हलेना. पाय रोवून ओढली, तर मशीनच त्याच्या अंगावर आलं. शेवटी प्लग काढला आणि हिसका दिला. आतून तेलाचा असा फवारा उडाला की पत्रा माखला, भिंत माखली, धाकट्याच्या मिशीतून तेल ठिबकायला लागलं. पुढं मशीन चालू झालं तेव्हा इतका पांढरा धूर निघाला की पाखरं त्या दिवशी पायी घरी गेली म्हणतात.

तेव्हा त्याला उमगलं. दादा रोज खोलीत जात होता, आणि रोज त्याला वाटत होतं की मशीन झोपवायचं राहिलंय. रोज प्लग, रोज चमचा, रोज कापड.

दादा दारात उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, "कुठल्या गाढवानं केलं हे?"

"असेल कुणीतरी, दादा."

"त्याला मशीनपाशी फिरकू देऊ नकोस."

धाकटा हो म्हणाला आणि भिंत पुसत राहिला. तेल पुसलं जातं. एवढ्यावर भागलं असतं तर त्यानं जन्मभर भिंती पुसल्या असत्या.

मशीन पुन्हा रोज चालू लागलं, टाकीत पेट्रोल आलं. एका सकाळी धाकट्याची बायको पाणी तापवायला न्हाणीघरात गेली. गॅसच्या गीझरखाली बादली होती, कापडानं झाकलेली. काडी पेटवायला तिनं हात उचलला आणि नाकाला वास झोंबला. बादलीत पेट्रोल होतं. दादानं टाकी रिकामी केली होती, आणि बाहेर अजून गारठाच आहे असं समजून बादली उबेला आणून ठेवली होती.

ती ओरडली नाही. काडीपेटी पदरात खोचली, बादली अंगणाच्या पार टोकाला नेली आणि पायरीवर येऊन बसली. नवरा येईपर्यंत तिथून उठली नाही.

"दादा या घरात राहतील, माझी ना नाही," ती म्हणाली. "पण ते आणि ती खोली, दोन्ही मोकळे राहणार नाहीत. आत पोरं झोपली होती."

धाकट्यानं खोलीला नवं कुलूप आणलं. दादा दिवसभर कुलूप हातात धरून उभा राही, जणू दुसऱ्या कुणाच्या दाराचं कुलूप चुकून इथं लावलं आहे. जेवायला बोलावलं की म्हणे, काम राहिलंय माझं.

मग धाकट्यानं स्वतःला फार हुशार समजून एक युक्ती केली. भंगारवाल्याकडून एक जुनं मशीन आणलं, टाकी कोरडी, आत थेंब नाही. चांगलं घासलं, अंगणात सावलीत ठेवलं, शेजारी तेलाची बाटली, चमचा, कापड. म्हणाला, दादा, हे तेवढं झोपवून दे.

दादाचा चेहरा उजळला. मांडी घालून बसला, प्लग काढला. आत बोट घातलं, ते गंजानं लाल होऊन बाहेर आलं. दोरी ओढून पाहिली. हलली नाही. कितीतरी महिन्यांनी त्याच्या डोळ्यांत धुकं नव्हतं, आणि ते असतं तर बरं झालं असतं, असं धाकट्याला कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

"हे मेलंय रे," दादा म्हणाला. "केव्हाच मेलंय. तुला ठाऊक होतं."

धाकट्यानं तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट केलं.

"माझ्यासाठी आणलंस होय?"

त्यानं प्लग जागेवर लावला, बोटं एकेक करून पुसली, कापडाची घडी करून मशीनवर ठेवली आणि आत जाऊन खाटेवर बसला. दुसऱ्या दिवशी कुलपापाशी गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. धाकट्याची बायको म्हणाली, बरं झालं, शांत झाले.

धाकटा कामाला निघताना खाटेपाशी थांबला. म्हणाला, दादा, येतोस का मैदानावर, नुसता बसशील कडेला. दादानं त्याच्याकडे पाहिलं, आणि आलेल्या पाहुण्याला जागा करून द्यावी तसा जरा सरकला.

"तुम्ही जा," तो अदबीनं म्हणाला. "माझा धाकटा भाऊ येईलच इतक्यात. त्याच्याबरोबर येतो मी."