दाढ जिवंत असल्याचा पुरावा

आमच्या हिच्या दाढेत कीड सापडली तेव्हा घरात जो आनंद झाला, तो आमच्या लग्नातही झाला नव्हता. खोटं वाटत असेल तर हिलाच विचारा. इतर बाबतींत नाही, पण लग्नाबद्दल ती माझ्याशी सहमत होईल.

कीड शोधून काढली खारूने. खारू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी तिचे पुढचे दोन दात एवढे मोठे होते, की ती हसली की समोरच्यावर सावली पडायची, म्हणून खारू. मोठी होऊन ती दातांचीच डॉक्टर झाली, पण शिकली दुसऱ्या देशात. इथं काम करायचं तर इथला परवाना हवा, आणि परवान्याकडे जायच्या वाटा तीन. एक म्हणजे पुन्हा दोन वर्षं कॉलेजच्या बाकावर जाऊन बसायचं. दुसरी, रबरी मुंडक्यात बसवलेल्या प्लॅस्टिकच्या दातांवर परीक्षा द्यायची. आणि तिसरी, तीच परीक्षा जिवंत माणसाच्या तोंडात.

मुंडक्याने खारूला दोनदा नापास केलं. ती म्हणायची, ते मेलं माझ्याकडे बघतच नाही, तर मला कळणार कसं कुठं थांबायचं ते. दोनदा आपटलेल्याला ती वाट बंद होते. उरली तिसरी, आणि तीही एकदाच. ही हुकली तर कॉलेज. खारू ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली होती, ते आता दवाखान्यातून अंग काढून घेणार होते. परवाना आणलास तर खुर्ची तुझी, नाहीतर मी ती दुसऱ्याला देऊन मोकळा होतो, असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. ते तिच्यासाठी दोन वर्षं थांबणार नव्हते. त्यांच्या गुडघ्यांना दोन महिनेसुद्धा जड होते.

आता तिसऱ्या वाटेवरची मेख अशी, की पेशंट आपला आपण आणायचा. आणि त्याची कीड नियमात बसणारी हवी. मागच्या दातांत हवी, दोन दातांच्या मधल्या फटीत हवी, वरवरची नको, फार खोल नको, आणि दात आतून जिवंत हवा. अशी कीड मिळण्यापेक्षा नवरामुलगा मिळणं सोपं. खारूने आधी नातेवाईक संपवले, मग शेजारी. पुढे पुढे तर रस्त्यात कुणी जांभई दिली की ही टॉर्च घेऊन आत. पोस्टमन आमच्या दारात पत्रं टाकायचा ती तोंडावर हात ठेवून. अखेर ज्या तोंडाकडे कुणी पाहिलंच नव्हतं, त्या मावशीच्या तोंडात, खालच्या डाव्या दाढेत, हवी तश्शी कीड निघाली. एक्स-रे पाहून खारूने मावशीचा मुका घेतला.

पण हिचं एक आहे. दुखण्याखुपण्याबद्दल काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "काही नाही." एकदा हिच्या अंगावर आरशाचं कपाट पडलं. आम्ही चौघं ते उचलतोय तर खालून आवाज आला, काही नाही, आधी आरशाचं बघा. बाळंतपणात नर्सने विचारलं, कळा येतायत का. ही म्हणाली, काही नाही. नर्स निवांत चहाला गेली, आणि शेवटी आमच्या चिरंजीवांनी जन्मून स्वतःच तिला हाक मारली.

त्यात परीक्षेच्या सकाळी, बसमध्ये, मला थट्टा सुचली. मी हिला म्हटलं, बघ हं, काहीही झालं तरी हूं की चूं करायचं नाही; पेशंट कण्हला की डॉक्टरचे गुण गेले. ही खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, ऐकलंसुद्धा नसेल.

परीक्षेचा हॉल लांबलचक होता. खुर्च्यांची रांग, दोन खुर्च्यांमध्ये छातीइतके पडदे, प्रत्येक खुर्चीवर दिवा. औषधी वास इतका उग्र की माझं टक्कलसुद्धा बधिर झालं. परीक्षकांनी उमेदवाराचं तोंड पाहायचं नाही, असा तिथला कायदा. म्हणजे ओळखीपाळखीला वाव नको. परीक्षक खुर्चीपाशी आले की उमेदवाराने टोकाच्या खोलीत जाऊन बसायचं. पेशंट आणि मदतनीस तेवढे जागेवर. मदतनीस दातांच्या धंद्यातला नसावा, हाही नियम, म्हणून माझी वर्णी लागली. मी अग्निशमन दलात पंपावर होतो. जळत्या गोदामांवर तलाव रिकामे केलेला माणूस. मला थुंकी ओढायची नळी म्हणजे खेळणं. अट एकच होती: मदतनिसाने परीक्षकांशी अवाक्षर बोलायचं नाही. खारूला परीक्षेपेक्षा या अटीची धास्ती जास्त होती.

ड्रिलला हात लावण्याआधी पेशंटची तपासणी. एक किडकिडीत परीक्षक आला. त्याने कापसाच्या बोळ्यावर कसलासा फवारा मारला. बोळ्यावर पांढरं बर्फ धरलं. तो बोळा त्याने हिच्या दाढेला टेकवला आणि विचारलं, काही जाणवतंय का.

"काही नाही," ही म्हणाली.

माझी नजर हिच्या हातांवर होती. खुर्चीच्या हाताला तिने असा विळखा घातला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली. त्याने पुन्हा फवारा मारला, पुन्हा टेकवला.

"काही नाही."

किडकिडीत गृहस्थाने लिहिलं आणि गेला. माझ्या तोंडाशी आख्खं वाक्य आलं होतं, ते मी आवंढ्याबरोबर गिळलं. ते अजून कुठंतरी बरगडीखाली अडकलेलं आहे. ही मात्र माझ्याकडे वळून, परीक्षा आपणच पास झाल्यासारखी, विजयाने हसली.

खारू परत आली, तिच्यामागोमाग देखरेखीच्या बाई. त्यांनी सांगितलं, थंडीची चाचणी केली, दाढेला संवेदना नाही, म्हणजे दाढ मेलेली. मेलेल्या दाढेवर परीक्षा होत नाही. दुसरा पेशंट असेल तर आणा. फेरतपासणी मागता येईल, पण एकदाच, आणि गेलेला वेळ मिळणार नाही.

बाकीच्या उमेदवारांनी दोन-दोन, तीन-तीन पेशंट बाहेर बसवून ठेवले होते. आमच्याकडे राखीव म्हणून होतो तो मी, आणि माझ्या खालच्या दाढा कधीच माझी साथ सोडून गेलेल्या.

खारूचा चेहरा मास्कच्याच रंगाचा झाला. ती मावशीकडे वळली. मावशी ही काय चीज आहे ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं: अगं, गार लागलं तर लागलं म्हण. पण बाई तिथंच उभ्या.

"पेशंटने काय उत्तर द्यायचं हे शिकवलंत," त्या हळूच म्हणाल्या, "तर तुमची परीक्षा इथंच संपली. मदतनिसाने शिकवलं तरी तेच."

खारूने उघडलेलं तोंड मिटलं. ही खुर्चीतून मान वर करून म्हणाली, "झालं ना गं नीट? मी हूं का चूं केलं नाही."

बसमधली थट्टा हिने पदराला गाठ मारून आणली होती. भाचीच्या मायेपोटी दातातली सणक गिळून ही त्याच भाचीचा परवाना बुडवत होती, आणि आम्हा दोघांना ते तिला सांगण्याची चोरी. खारूच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण ते खाली पडू न देता ती नुसती उभी राहिली. शेजारच्या खुर्चीवरचं ड्रिल सुरू झालं, पलीकडचं सुरू झालं, सगळा हॉल मधमाश्यांसारखा गुणगुणायला लागला. आमचंच ड्रिल तेवढं बंद.

मग खारूने फेरतपासणी मागितली. कारणाच्या जागी एक ओळ लिहिली आणि बाईंकडे देऊन मागे न बघता टोकाच्या खोलीत निघून गेली.

या वेळी दोघं आले: तो किडकिडीत, आणि त्याच्यापेक्षा मोठा एक गलेलठ्ठ परीक्षक, ज्याच्या मिशा मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होत्या. मिशावाल्याने खारूची ओळ मोठ्याने वाचली. शेजारच्या आणि समोरच्या निरोगी दातांवरही हीच चाचणी करून तुलना करावी, एवढीच विनंती होती. त्याने भुवया उंचावल्या, पण त्यात नियमबाह्य काही नव्हतं.

त्याने किडकी दाढ सोडली आणि समोरच्या धडधाकट दातापासून सुरुवात केली. काही होतंय का?

"काही नाही."

त्याच्या शेजारचा. काही नाही. वरचा सुळा. काही नाही. खालची रांग, वरची रांग. बर्फाचा बोळा हिंडतोय, हिच्या कपाळावर घाम, आणि हिचं आपलं काही नाही. किडकिडीत गृहस्थ लिहिता लिहिता थांबला. मिशावाल्याने शेवटी बोळा हिच्या खालच्या ओठाला लावला.

"काही नाही," ही म्हणाली.

मिशावाला मागे रेलून बसला. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुमच्या तोंडात एकही दात जिवंत नाही. ओठसुद्धा वारलेला दिसतो. सगळं काढून कवळी बसवायची म्हणता?"

आता हिच्या वयाच्या आमच्या ओळखीतल्या सगळ्या बायकांच्या कवळ्या आहेत. रात्री वाटीत दात काढून ठेवणाऱ्या बायकांबद्दल ही काय बोलते, ते मी इथं लिहिणार नाही. ही ताडकन उठून बसली.

"माझे सगळे दात ठणठणीत आहेत," ही म्हणाली. "मेले असतील तुमचे. जराशी कळ गेली म्हणून काय गाव गोळा करायचा?"

"कळ गेली?"

"जाणार नाही तर काय? बर्फ लावताय."

"मग मघाशी काही नाही का म्हणालात?"

"तुम्ही विचारलंत काही होतंय का. मला काय व्हायचंय? कळ दाताला."

मिशावाल्याच्या मिशा हलल्या. त्याने सांगितलं, आता बोलायचंच नाही. कळ आली की हात वर, थांबली की खाली. आणि त्याने बोळा किडक्या दाढेला लावला.

हात वर गेला. त्याने बोळा काढून घेतला. हात वरच.

खारूकडून मी ऐकलं होतं, की बर्फ काढल्यावर कळ लगेच ओसरली तर आतली नस तगडी. रेंगाळली तर नस मरणपंथाला लागलेली, आणि तशी दाढही परीक्षेला चालत नाही. हात अजून वर. मी नळी अशी आवळली की माझाच अंगठा तिच्या तोंडात ओढला गेला. किडकिडीत गृहस्थ घड्याळाकडे बघत होता. मला हिला ओरडून सांगायचं होतं, खाली घे, खाली घे. आणि ही डोळे मिटून, स्वतःच्या दाढेत कान लावून बसल्यासारखी, मनापासून ती कळ मोजत होती. अशी खरी ही आयुष्यात कधी वागली नसेल.

हात खाली आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिशावाल्याने लिहिलं आणि देखरेखीच्या बाईंना म्हणाला, दाढ जिवंत आहे. पेशंट जरा जास्तच जिवंत आहे. उमेदवाराला बोलवा.

खारू आली ती धावतच. वेळ गेला होता तो गेलाच. इंजेक्शन, दाढेभोवती रबराचा पडदा, मग ड्रिल. मी नळी धरून होतो. एकदा तिचा हात थांबला. ती किडीकडे बघेना, मावशीच्या डोळ्यांकडे बघायला लागली. मग एक कणभर आणखी कोरून म्हणाली, बास. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. बाईंनी दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं. खारूने दाढ भरली, घासून गुळगुळीत केली, फट घट्ट बसली का ते पाहायला दोन दातांमधून दोरा ओढला. तो टक्‌ असा वाजून निघाला तेव्हा हॉलमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

शेवटची तपासणी आतल्या खोलीत. हिला एकटीला नेलं. बाईंनी आम्हाला सांगितलं, कामात खोट निघाली तर दुरुस्तीचा कागद देऊन पेशंटला परत पाठवतात, आणि तो कागद आला म्हणजे उमेदवार गेला. कागद नसेल तर घरी जा.

खारू हातमोजे काढायचेही विसरली. आत कुणीतरी खुर्ची सरकवली. पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दार उघडलं आणि ही आली, अर्धं तोंड लोंबतंय, ओढणी खांद्यावरून घसरलेली.

"फाणी आहे का गं कुठं?" ही म्हणाली. "फार तहान लागलीय."

खारूने पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले. तळवे पाहिले, मग उलटे करून पाहिले, मग पुन्हा तळवे.

"अगं, काय शोधतेस?" ही म्हणाली. "त्यांनी काहीच दिलं नाही. साधं फाणीसुद्धा."

खारू मटकन पेशंटच्या खुर्चीत बसली आणि रडू लागली. दिवा अजून चालू होता. तिच्या त्या दोन मोठ्या दातांवर त्याचा उजेड पडला, आणि मी पाण्याला पळालो.