कपाटाखालचा आकडा

माझ्या मुलीचं नाव अनुसया ठेवण्यात आलं.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही. मुलगी अजून बिननावाची आहे, पाळण्यात झोपली आहे आणि बारशाला अर्धा तास आहे.

गेले बारा दिवस मी तिला हळूच ‘आनंदी’ म्हणतोय. ती ऐकून जांभई देते. दुसऱ्या कुठल्याही नावाला देत नाही, मी करून पाहिलं आहे. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे माझी थोरली बहीण अनुसयाताई. राजेगावहून येऊन चपला काढता काढताच तिनं नाव जाहीर केलं.

“ताई, स्वतःचंच?”

“मंग? खराब हाये का?”

घर पेटलं. ज्याच्या त्याच्या तोंडून एकेक नाव निघालं. शेवटी डोमाजीकाकांनी लूडोचे दोन पासे आणले.

“घरात आपण अकरा जण. दोन पाशाची बेरीज दोनपासून बारापर्यंत, म्हणजे आकडेबी अकराच. एकेकाले एकेक. ज्याचा आकडा, त्याचं नाव. कोणावर अन्याय नाही.”

सगळे हौ म्हणाले. शेजारचे प्रेमलालभाऊ रुसू नयेत म्हणून त्यांना एक हा आकडा दिला. दोन पाशांची बेरीज एक होतच नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ते खूश होऊन पुढे सरकले.

आकडे मानाप्रमाणे वाटले. बाप म्हणून सगळ्यात मोठा बारा मला. ताई लग्न होऊन गेलेली, ना पूर्ण इकडची ना तिकडची, म्हणून तिला मधला सात.

मी छाती काढून आत गेलो. माझी बायको दीपिका किरनापुरात गणित शिकवते. पाळणा हलवत तिनं विचारलं, “बारा किती तऱ्हेनं येते?”

“सहा अन् सहा.”

“अजून?”

अजून नव्हतंच.

“अन् सात? एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, अन् हेच उलटे. छत्तीसातून तुमची एक तऱ्हा, ताईच्या सहा. अभिनंदन.”

त्यानंतर मला बसवेना. अंगणात गेलो, परत आलो, भरलेली बादली पुन्हा भरली. मग ताईला गाठलं.

“ताई, बारा तू घे. माझा मान तुले.”

“काहून?”

“तू मोठी हायेस.”

“मी आजच मोठी झाली का? माझ्या सातात काय हाये, ते सांग आधी.”

“काहीच नाही.”

“मंग मले सातच पाहिजे.”

“लोकेश,” काका म्हणाले, “बापानं बारा सोडला तं लोकं काय म्हणतील?”

लोकं म्हणजे प्रेमलालभाऊ. ते म्हणाले, “मेरा एक ले लो, भैया.”

काकांनी पासे टाकले. पहिल्यावर सहा. दुसरा उडून लोखंडी कपाटाखाली.

आता सहा आला तर बारा, एक आला तर सात. दोघांनाही सहातून एकच संधी. आयुष्यात पहिल्यांदा मी आणि ताई बरोबरीत होतो. पालथा पडून मी मोबाइलचा उजेड मारला. जाळ्यात काहीतरी पांढरं होतं, ठिपके दिसेनात. तेवढ्यात ताईनं झाडू घातला. पासा दोनदा उलटला, भिंतीला लागला आणि माझ्या नाकासमोर येऊन थांबला.

एक.

“मेरा आया!” प्रेमलालभाऊ ओरडले.

त्यांची समजूत घालेपर्यंत ताई पाळण्यात वाकून कानात नाव सांगून मोकळी झाली. मुलीनं जांभई दिली नाही.

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, बालाघाट.

महोदय, झाडू लागण्यापूर्वी सदर पासा कोणत्या बाजूने पडला होता, याची स्थळपाहणी करून पंचनामा करण्यात यावा. कपाट जागचे हलवलेले नाही. अहवाल येईपर्यंत नावाचा रकाना कोरा ठेवावा, ही नम्र विनंती.