नको असलेली मिशनं

धर्मेंद्रचा हिंगणघाटात चार कॉम्प्युटरांचा सायबर कॅफे होता. २००६ सालची गोष्ट. गिऱ्हाईक नसलं की गडी गेम लावून बसे. तलवार घेऊन मुलूखभर हिंडायचं, आणि ज्याच्याशी बोलावं तो एक मिशन गळ्यात मारणार. कुणाची अंगठी शोधा, कुणाचं पत्र पोचवा. नको म्हणायची सोयच नाही. ऐकून घेतलं की यादीत चढलंच. यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढली तेव्हा त्याला एक युक्ती सापडली. काम सांगणाराच मेला की मिशन आपोआप गळतं. मग ज्याचं काम नको, त्याला तो मारून टाकी. वाईट वाटत नसे, बरंही वाटत नसे. यादी तेवढी कमी होई.

घरी आई नव्हती. वडील, महादेवराव, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले. एका सकाळी त्यांनी धर्मेंद्रला जवळ बसवलं.

"हर्षाले घेऊन येजो," ते म्हणाले. "एकडाव पाहू दे मले तिले."

हर्षा त्याची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी परजातीत लग्न करून रोहण्याला गेली. तेव्हा बापाच्या पुढे होऊन दार लावलं ते याच बहाद्दरानं. आता रुसलेल्या लेकीला माहेरच्यानं स्वतः जाऊन आणायचं, नुसत्या निरोपावर ती येत नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणजे तिच्या सासरी बसून चहा घ्यायचा आणि मान खाली घालायची. धर्मेंद्र हो म्हणाला आणि कॅफेत जाऊन बसला.

वडील रोज विचारत, केव्हा जातो? हा रोज म्हणे, रविवारी. एसटीनं चार तासांची वाट, काही काश्मीर नव्हतं ते. पण रविवार आले तसे गेले. चौथ्या आठवड्यात महादेवरावांनी विचारणं सोडलं, आणि खोटं कशाला बोला, धर्मेंद्रला हायसं वाटलं.

पुढच्या मंगळवारी ते गेले. धर्मेंद्रला रडू आलं नाही. चला, आता रोहण्याला जायला नको, एवढंच मनात आलं. त्या विचाराची मात्र त्याला भीती वाटली.

मरणाची खबर फोनवर चालते. हर्षा तिरडी उचलायच्या आत पोचली. स्मशानातून माणसं परतली, शेजारपाजार पांगला, तेव्हा ती भावाजवळ येऊन बसली. आजारपणाचं कानावर आलं होतं, म्हणाली. महिनाभर पिशवी भरून ठेवली होती, कोणी न्यायला येईल म्हणून.

"बाबानं माही आठवण काढली होती का, दादा?"

हो म्हटलं की पुढचा सवाल ठरलेला होता, मग तू काऊन नाई आला?

"नाई," धर्मेंद्र म्हणाला.

हर्षानं मान हलवली. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. तेरवीला तिला आणायला कोणी जावं, हे विचारायची गरजच नव्हती; घरात आता तो एकटाच होता. धर्मेंद्र गेला नाही.