रणजितदादाचे आठ दिवस

न्यूझीलंडात, हॅमिल्टनजवळच्या रोटोटुनात सकाळचे आठ वाजतात, तेव्हा इंग्लंडात आदल्या रात्रीचे नऊ झालेले असतात. वेळेच्या या फरकावर नीलिमाचं घर चालत होतं. तिकडच्या एका ट्रक कंपनीची रात्रपाळी ती इकडे भर दिवसा, घरबसल्या सांभाळायची. कुठल्या ड्रायव्हरने माल घेऊन युरोपात कधी जायचं, कधी परतायचं, हे ठरवायचं तिने. नवऱ्याचं, नितीशचं, डेअरी कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपलं होतं. घरात येणारा पगार तेवढा एकच.

ही नोकरी लावून दिली रणजितदादाने. तिचा आतेभाऊ, वीस वर्षं इंग्लंडात, पासपोर्टही तिथलाच, आणि त्याच कंपनीचा ड्रायव्हर. स्टिअरिंगला हात जोडणार, कीर्तन लावणार, मगच गाडी हलवणार, असा भाविक माणूस.

ब्रेक्झिट झालं आणि या ड्रायव्हरांच्या पायात बेडीच पडली. एकशेऐंशी दिवसांत फक्त नव्वद दिवस युरोपात. जायचा दिवस धरून, यायचाही धरून. पूर्वी पासपोर्टवर शिक्के पडायचे. आता सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेतात आणि दिवस कॉम्प्युटर मोजतो. त्याच्यापुढे गयावया करून काय उपयोग? म्हणून कंपनीचा नियम असा, की निघण्याआधी ड्रायव्हरने शिल्लक दिवस फोनवर सांगायचे. फोन रेकॉर्ड होणार. चुकीचा आकडा सांगणाऱ्याला नारळ.

मे महिन्यात, ऐन थंडीच्या तोंडावर, नीलिमाने फोनवर विचारलं, "दादा, किती उरलेत?"

"आहेत की अजून आठ दिवस. सोमवारी निघतो. तुझा हीटर लागला का गं, की कुडकुडतेच आहेस?"

तिने रकान्यात आठ लिहिलं आणि हीटरचं रामायण सांगत बसली.

आता आपल्यात आठ दिवस म्हणजे काय, हे कुणाला सांगायला हवं? 'आठ दिवसांनी या' म्हणणारा शिंपी आठवड्यानेच बोलावत असतो. दादाचे दिवस उरले होते सात. रविवार संपायच्या आत त्याने युरोपातून बाहेर पडायला हवं होतं, आणि नीलिमाने परतीची बोट लावली सोमवार दुपारची. कंपनी ड्रायव्हरला प्रवासाचे टप्पे एकेक करून कळवते. दादाला परतीचं कळलं तेव्हा रविवारची संध्याकाळ झाली होती आणि बंदर सहाशे किलोमीटर लांब होतं.

सोमवारी कॉम्प्युटरने मोजले एक्क्याण्णव. दादाला वर्षभर युरोपबंदी.

कीर्तनात बुवा पूर्वरंग किती सावकाश रंगवतात, ऐकणाऱ्याला टेकायला वेळ देतात. इथे तशी सवड नव्हती. दुसऱ्याच सकाळी मॅनेजरचा मेल आला: रेकॉर्डिंग जोडलं आहे, ही भाषा आमच्याकडे कुणालाच येत नाही, ड्रायव्हरने काय आकडा सांगितला ते पाळी संपायच्या आत इंग्लिशमध्ये लिहून पाठव.

"आठच म्हणाला ना तो?" नितीश टोस्टला लोणी लावत म्हणाला. "मग 'एट डेज' लिही आणि मोकळी हो. शब्दाला शब्द."

"शब्दाला शब्द ठेवला तर दादा जातो."

"आणि नाही ठेवला तर तू जातेस. मराठी कळतं, तरी आठ लिहिलंस म्हणतील. मग बसू दोघं घरी एकमेकांची तोंडं बघत. स्वीट ॲज, एकदम झकास!"

तिने टाइप केलं: एट डेज. अक्षर न् अक्षर खरं होतं. देव परीक्षा घेतो ती अशी, पेपर अगदी सोपा काढून. तिचं बोट पुढे जाईना. तिने दादाला फोन लावला.

"अगं, तेच लिही," दादा म्हणाला. "माझ्या तोंडचाच शब्द आहे तो."

"पण तुला आठवडा म्हणायचं होतं."

"मला काय म्हणायचं होतं ते कोण विचारतंय, नीले? तुझा नवरा घरी बसलाय. माझं काय, अबोलीचा पगार येतोय. निभेल."

अबोलीवहिनीची नोकरी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुटली होती. फेब्रुवारीत वहिनीनेच रडत रडत नीलिमाला सांगितलं होतं. तिने हे सांगितल्याचं दादाला ठाऊक नसावं. तो बिनदिक्कत खोटं बोलत होता, आणि तिच्यासाठी बोलत होता.

फोन ठेवल्यावर तिने लिहिलेलं खोडलं. नवीन ओळी लिहिल्या: आमच्या भाषेत तो आठ दिवस म्हणाला. त्याचा अर्थ एक आठवडा. मला तो अर्थ माहीत होता, तरी मी आठ लिहिले.

पाठवून दिलं. नितीश तिच्या चेहऱ्यावरूनच समजला आणि बाहेर जाऊन वाळत घातलेले कपडे उगाच परत झटकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं लॉगिन चालेना. साडेआठला दादाचा फोन आला.

"मला काढलं नाही," तो म्हणाला. आवाजात आनंदाचा लवलेश नव्हता. "पण ड्रायव्हिंग गेलं. यार्डात फोर्कलिफ्टवर टाकलंय, निम्मे तास. काय लिहिलंस तू?"

"खरं ते."

"तुला कुणी सांगितलं होतं गं शहाणपण करायला?" तो ओरडलाच. मग आवाज बसला. "तुझं काय झालं?"

लॉगिन बंद झालंय, म्हणजे नोकरी गेलीच, हे नीलिमाने सांगितलं.

पलीकडे दादाने नाक ओढल्याचं तिला ऐकू आलं. फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.