कागदात नसलेली अट

आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात गुरुवार म्हणजे कबुलीचा वार. नशेच्या गोळ्यांच्या चाळीसेक केसेस, सरकारतर्फे एक वकील, गरिबांसाठी नेमलेला मी एकटा, आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळं उरकायची घाई. सौदा व्हायचा जिन्यात, उभ्या उभ्या. आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, त्याबदल्यात सरकारनं शिक्षा हलकी मागायची. कागदावर सह्या आधी घ्यायच्या आणि अटी मागाहून भरायच्या, ही आमची जुनी खोड. केंटकीच्या या डोंगरात माणसं नुसत्या शब्दावर गाई विकतात, मग एवढ्याशा कागदाचं काय, असं मी म्हणायचो.

व्हनेटा ब्लेव्हिन्सच्या कागदावर अट भरायची मी विसरलो.

ठरलं होतं ते असं: तिनं गोळ्या विकल्याचं कबूल करायचं, वर्षभर उपचार घ्यायचे, दर आठवड्याला लघवीची तपासणी द्यायची. एकदाही नशा सापडली नाही तर तुरुंग नाही. बाईनं बोलल्याप्रमाणे केलं. हॉटेलात भांडी घासली, बावन्न तपासण्या दिल्या आणि बावन्नही साफ निघाल्या. शिक्षेच्या तारखेला तुरुंग टळला की बहिणीकडे ठेवलेला तिचा सहा वर्षांचा मुलगा कोल्बी तिला परत घरी आणायचा होता. पण मधल्या काळात सरकारी वकील बदलला. प्रेविट नावाच्या या नव्या गड्यानं कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "यात तर सरकारनं काहीच कबूल केलेलं नाही. मी पाच वर्षं मागणार."

मला दरदरून घाम फुटला. फ्लोरिडात गेलेल्या जुन्या सरकारी वकिलाला फोन लावला.

"अरे बर्ल, दिवसाला चाळीस सौदे करायचो आपण," तो म्हणाला. "मला माझ्या सासूचं नाव आठवत नाही, तुझी बाई कुठून आठवणार?"

असा संताप आला म्हणून सांगू! खरं तर तो माझा माझ्यावरच होता, पण त्याच्यावर काढला आणि फोन आपटला.

व्हनेटाला बोलावलं. कागदात घोळ झालाय एवढंच सांगितलं. कुणी केला, ते गिळून टाकलं.

"पण आत कोर्टात बोलणं झालं होतं ना," ती म्हणाली. "जजसाहेबांनी ऐकलंय."

"ते जिन्यात झालं, व्हनेटा."

"जिन्यात झालं अन् आतही झालं. त्या बाई टकटक सगळं टिपत होत्या. ते काढा की."

मला काही ते पटलं नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणून त्या दिवशीचं टिपण वाचून दाखवावं असा अर्ज टाकला.

सुनावणीला कोर्टाच्या लघुलेखिका अर्मीन कॉडिलबाई उभ्या राहिल्या आणि वाणसामानाची यादी वाचावी तशा सुरात वाचू लागल्या.

"न्यायाधीश: या कागदाशिवाय तुला कुणी काही कबूल केलंय का?"

हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात. आणि 'नाही, साहेब' एवढंच उत्तर द्यायचं, हे आम्ही वकील प्रत्येकाला आधीच पढवून ठेवतो. 'हो' म्हटलं की फाटे फुटतात आणि जेवण हुकतं.

"आरोपी: हो, साहेब. वर्षभर साफ राहिले तर तुरुंग नाही, असं सरकारी वकिलांनी कबूल केलंय. सरकारी वकील: बरोबर आहे, साहेब. तसंच ठरलंय. बर्ल स्टिडम: माफ करा, साहेब, ती जरा गोंधळलीय. पुढचं घ्या."

कोर्टात खसखस पिकली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

न्यायाधीश लोव्हेल यांनी चष्मा काढला. "प्रेविट, माणूस बदलला म्हणून सरकार बदलत नाही. शब्द सरकारनं दिला, तिनं तिची बाजू पाळली, आता तुमची तुम्ही पाळा. तुरुंग नाही."

माझा जीव भांड्यात पडला. व्हनेटा मात्र रडली नाही. तिनं कॉडिलबाईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

बाहेर पायऱ्यांवर मला राहवेना.

"व्हनेटा, ती अट भरायची मीच विसरलो होतो."

"ठाऊक आहे मला."

"म्हणजे?"

"सही करायच्या आधी कागद वाचला होता मी. तुम्ही घाईत होता. त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून तर आत मोठ्यानं बोलले. तुम्ही डोळे वटारलेत, तरी बोलले."

"अगं, मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की, सगळ्यांसमोर. तुम्ही जजसाहेबांना म्हणालात, ती गोंधळलीय."

तिनं माझ्या दंडावर हलकेच थोपटलं.

"चला, वकीलसाहेब, गाडी काढा. कोल्बीची शाळा तीनला सुटते."

मी गाडी काढली.